लघवीच्या घरगुती चाचणीत एक रेघ उमटलीच नाही. याचा अर्थ कसा लावायचा?

आत्या, गुहागर तालुका

नमस्कार. माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे. गणपतीसाठी तो गावी आला होता आणि आता पुढच्या जहाजावर रुजू होण्यापूर्वी मुंबईला त्याची वैद्यकीय तपासणी व्हायची आहे, जिच्यात अमली पदार्थांसाठी लघवीची चाचणीही असते. आधी घरीच खात्री करून घ्यावी म्हणून त्याने ऑनलाइन एक किट मागवले. एका कार्डावर पाच पट्ट्या आणि प्रत्येक पट्टी एकेका पदार्थासाठी, असे त्याचे स्वरूप होते.

चार पट्ट्यांवर दोन-दोन रेघा आल्या. त्यांपैकी 'टीएचसी' (गांजाचा घटक) असे लिहिलेल्या पट्टीवरची दुसरी रेघ इतकी फिकट होती की कार्ड खिडकीशी धरून पाहावे लागले. 'एमओपी' असे लिहिलेल्या पट्टीवर मात्र 'सी'जवळची एकच रेघ आली, 'टी'जवळची आलीच नाही. माझ्या भावाने, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, गर्भधारणेच्या चाचणीच्या हिशेबाने दोन रेघा म्हणजे 'आहे' असे धरले आणि मुलगा एकाच वेळी चार-चार व्यसने करतो असा निष्कर्ष काढून घर डोक्यावर घेतले. माहितीपत्रक वाचल्यावर कळले की येथे सगळे उलटे असते. मग चार पदार्थांचा आरोप मागे पडला, पण एमओपीचा राहिला, आणि एमओपी म्हणजे मॉर्फिन हे समजल्यावर तो आधीच्या चारांपेक्षाही भारी ठरला. त्याच संध्याकाळी कार्ड पुन्हा पाहिले, तेव्हा एमओपीवरही एक पुसट रेघ दिसू लागली होती.

भाचा म्हणतो की त्याने काहीही घेतलेले नाही. पावसात भिजून त्याला खोकला झाला होता आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले पातळ औषध तो घेत होता. मोदकांच्या आणि करंज्यांच्या सारणात खसखस होती, हे मी स्वतः सांगू शकते, कारण ते सारण माझ्या हातचे होते. किनाऱ्यावर मित्रांबरोबर बसला असताना त्यांच्यातील एक जण गांजा ओढत होता, हेही त्याने आपणहून सांगितले. यातील कशाने काय होऊ शकते, सकाळचा निकाल खरा मानावा की संध्याकाळचा, आणि मुंबईला जाण्यापूर्वी आम्ही नेमके काय करावे, हे कुणी जाणकार सांगतील का?

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रत्नागिरी

ताई, आधी संध्याकाळच्या रेघेचा प्रश्न निकालात काढतो, कारण तो सर्वांत सोपा आहे. ती रेघ विचारातच घेऊ नये. अशा पट्ट्या सहसा पाच मिनिटांनी वाचायच्या असतात आणि दहा मिनिटांनंतर दिसणारे काहीही ग्राह्य नसते, कारण पट्टी वाळू लागली की रंगाचे कण इकडेतिकडे सरकतात आणि नसलेल्या रेघा दिसू लागतात. तुमच्या किटची नेमकी वेळ माहितीपत्रकावर छापलेली असेल, तीच पाळावी. सकाळी वेळेत वाचला तोच तुमचा निकाल.

आता रेघ नसणे म्हणजे 'आहे' हे उलटे गणित का, ते समजून घेतले की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात. पट्टीच्या तळाशी सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी), म्हणजे त्या पदार्थाला धरणारी प्रथिने, कोरड्या स्वरूपात ठेवलेली असतात; रेघेचा लालसर रंग त्या सोन्याच्या कणांचाच. लघवी वर चढू लागली की ती या प्रतिपिंडांना बरोबर घेऊन निघते. वाटेत 'टी' या जागी तोच अमली पदार्थ एका प्रथिनाला जोडून कायमचा बसवलेला असतो. लघवीत तो पदार्थ नसेल, तर प्रतिपिंडे मोकळी असतात, ती 'टी'वरच्या पदार्थाला धरतात आणि तेथे रेघ उमटते. लघवीत पदार्थ पुरेसा असेल, तर प्रतिपिंडे वाटेतच भरून जातात. दाभोळहून फेरीबोट खच्चून भरून सुटली की पलीकडे धोपाव्याच्या धक्क्यावर कितीही माणसे उभी असली तरी त्यांच्यासाठी जागा नसते, तशी ही भरलेली प्रतिपिंडे 'टी'पाशी काही न धरता पुढे निघून जातात आणि रेघ उमटत नाही. 'सी'ची रेघ वेगळ्या प्रकारे तयार होते. ती फक्त एवढेच सांगते की लघवी पट्टीतून नीट चढली आणि रसायने शाबूत आहेत. ती आली नाही, तर 'टी'वर काहीही दिसत असले तरी ती चाचणी रद्द समजावी आणि नव्या किटवर पुन्हा करावी.

यावरूनच फिकट रेघेचेही उत्तर मिळते. 'टी'ची रेघ फिकट असो की गडद, वेळेत दिसली तर निकाल नकारात्मक. 'थोडासा गांजा' असा अर्थ फिकट रेघेतून काढता येत नाही. रेघेचा गडदपणा पट्टीपट्टीनुसार आणि लघवीच्या दाटपणानुसारही बदलतो. आमच्याकडे कार्ड घेऊन येणारे पालक या फिकट रेघेवरच सर्वाधिक अडतात.

एमओपीबद्दल मात्र अधिक काळजीपूर्वक लिहावे लागेल. प्रत्येक पट्टीला एक ठरवलेली पातळी असते आणि लघवीतील प्रमाण त्याहून जास्त असेल तरच पट्टी सकारात्मक होते. गांजाच्या घटकासाठी ही पातळी साधारणपणे दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम असते. 'एमओपी' नावाच्या पट्ट्यांवर ती बहुधा ३०० असते, तर 'ओपीआय' (ओपिएट, म्हणजे अफूपासूनचे पदार्थ) नावाच्या पट्ट्यांवर अनेकदा २,०००. हा फरक लहान नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारने नोकरीसंबंधीच्या चाचण्यांसाठी ही पातळी १९९८ मध्ये ३०० वरून २,००० वर नेली, आणि त्यामागे खसखस खाणारी निर्दोष माणसे अडकतात हे एक मोठे कारण होते. ३०० नॅनोग्रॅम म्हणजे एक लिटर लघवीत एका मिलिग्रॅमचा तिसरा हिस्साही नाही. आपण खातो ती खसखस अफूच्याच झाडाची असते. बियांच्या आत मॉर्फिन नगण्य असते, पण बोंडाचा चीक बाहेरून लागल्यामुळे त्यांच्यावर ते कमी-अधिक चिकटलेले असते, आणि म्हणून एका पोत्यातील खसखशीत आणि दुसऱ्या पोत्यातील खसखशीत पुष्कळ फरक पडतो. भाजल्याने, धुतल्याने ते कमी होते. सारणातील चिमूट-दोन चिमटीने ३०० ची पातळी ओलांडली जाईल असे मला वाटत नाही. वाटीभर खसखस वाटून केलेली खीर खाल्ली असती, तर मी वेगळे उत्तर दिले असते.

माझा संशय मोदकावर नसून खोकल्याच्या बाटलीवर आहे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, त्याचा काही भाग यकृतात मॉर्फिनमध्ये बदलतो, आणि शिवाय ही पट्टी कोडीनलाही ओळखते. डॉक्टरांनी सांगितलेल्या नेहमीच्या मात्रेनेही ३०० ची पातळी सहज ओलांडली जाते आणि शेवटच्या मात्रेनंतर एक ते तीन दिवस ते लघवीत सापडू शकते. मुलगा खरे बोलत असेल, तर ती पट्टीही खोटे बोलत नाही. लघवीत मॉर्फिनच्या कुळातील काहीतरी आहे एवढेच ती सांगते, ते कुठून आले हे तिला कळत नाही. बाटलीवरचे घटक वाचून येथे लिहा.

निवृत्त चीफ इंजिनिअर, श्रीवर्धन

वरचा प्रतिसाद वाचून जहाजाच्या बाजूने दोन गोष्टी लिहितो.

कंपनीच्या तपासणीत घरच्या कार्डावर कुणी निर्णय घेत नाही. नमुना देण्यापूर्वी कोणती औषधे चालू आहेत हे विचारणारा फॉर्म बहुतेक ठिकाणी असतो. त्यावर औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटचा डोस कधी घेतला ते स्वच्छ लिहावे, आणि चिठ्ठीची प्रत बरोबर ठेवावी. हे नमुना देण्याच्या आधी सांगितले तर ती माहिती ठरते. निकाल विरुद्ध आल्यानंतर सांगितले तर तीच गोष्ट सबब वाटते. रीतसर तपासणीत एकच नमुना दोन बाटल्यांत भरून, तुमच्यासमोर मोहोरबंद करून, तुमची सही घेतली जाते. पहिल्या बाटलीच्या निकालावर वाद झाला, तर दुसरी उघडता येते. सही करण्यापूर्वी बाटलीवरचा क्रमांक आणि फॉर्मवरचा क्रमांक जुळतो का, हे पोराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. सुट्टी संपत आली की आपली मुले घाईत कुठेही सही करतात.

आणि तारीख पुढे ढकलता येत असेल, तर खोकला बरा होऊन औषध थांबेपर्यंत ती ढकलण्याची विनंती करण्यात कमीपणा नाही.

समुद्रकाठ

एवढे सगळे कशाला? दोन-तीन दिवस भरपूर पाणी आणि शहाळी प्यायची, सकाळी निघण्यापूर्वी तर तांब्याभर जास्तच. सगळे वाहून जाते.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रत्नागिरी

हा सल्ला पाळू नये, आणि निर्दोष माणसाने तर मुळीच पाळू नये. पाण्याने लघवी पातळ होते, आणि ती पातळ आहे हे प्रयोगशाळेला पहिल्याच तपासणीत कळते, कारण अमली पदार्थांबरोबरच क्रिएटिनिन (लघवीतून नेहमी बाहेर पडणारा एक टाकाऊ घटक) आणि विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवीचा दाटपणाही पाहिला जातो. क्रिएटिनिन दर डेसिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी आणि त्याबरोबर गुरुत्वही कमी निघाले, तर नमुना 'पातळ केलेला' असा शेरा मिळतो. ज्याच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी आहे, त्याने स्वतःच्या नावावर असा शेरा ओढवून घेणे म्हणजे शुद्ध आपला पाय धोंड्यावर मारून घेणे आहे. नमुन्याचे तापमानही काही मिनिटांच्या आत मोजतात. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते.

औषधविक्रेता, सावंतवाडी

कोडीन असलेले खोकल्याचे औषध 'शेड्यूल एच-१'मध्ये येते. ते चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि दिले की विक्रेत्याला वेगळ्या नोंदवहीत डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. म्हणजे चिठ्ठी पावसात भिजून गेली असली तरी जिथून बाटली घेतली त्या दुकानात नोंद असली पाहिजे. तेथून छापील बिलाची प्रतही मागून घ्यावी. बाटलीवर लाल उभी पट्टी आणि चौकटीतील इशारा आहे का, तेही पाहा.

सगळ्याच खोकल्याच्या औषधांत कोडीन नसते, हे मुद्दाम सांगतो. पुष्कळ बाटल्यांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असते, काहींत नुसते कफ पातळ करणारे घटक असतात. त्यामुळे 'खोकल्याचे औषध घेतले होते' एवढे सांगणे पुरेसे नाही. घटकाचे नाव हवे. शिवाय खोकल्याबरोबर अँटिबायोटिक दिले होते का? ऑफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन या कुळातील गोळ्यांमुळे काही पट्ट्या मॉर्फिनच्या बाबतीत फसतात. सर्दीवरच्या स्यूडोएफेड्रिनने अँफेटामिनची पट्टी फसू शकते. टीबीचे उपचार चालू असलेल्यांना रिफॅम्पिसिनमुळेही मॉर्फिनची पट्टी फसल्याचा अनुभव येतो.

आपल्या हवेबद्दलही एक गोष्ट. ही किटे २ ते ३० अंशांत, कोरड्या जागी ठेवायची असतात आणि वरचे चंदेरी पाकीट वापरण्याच्या क्षणीच फोडायचे असते. भाद्रपदातील कोकणात पाकीट सकाळी उघडून कार्ड ओटीवर ठेवले आणि दुपारी वापरले, तर आतली सिलिकाची पुडी काय करणार? 'सी'ची रेघ अर्धवट किंवा डागाळलेली येण्याचे हे आपल्याकडचे नेहमीचे कारण आहे.

आत्या, गुहागर तालुका

सर्वांचे आभार. बाटली शोधली. लेबल तेलकट झाले होते, ते पुसून वाचले: कोडीन फॉस्फेट, दर पाच मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम. चिठ्ठीही त्याच्या पाकिटात घडी करून ठेवलेली मिळाली. अँटिबायोटिक नव्हते. भावाला हे वाचून दाखवले, तर त्याचे म्हणणे असे की औषधाच्या आडून मुलगा दुसरे काही घेत नसेल कशावरून. गांजाची पट्टी नकारात्मक आहे यावरही आता त्याचा विश्वास नाही, आणि दर आठवड्याला किट मागवून चाचणी घेण्याचे तो बोलतो आहे. यावर काय सांगावे?

मनोविकारतज्ज्ञ, चिपळूण

आत्याबाई, तुमच्या भावाच्या पहिल्या शंकेला शास्त्रीय उत्तर आहे आणि दुसऱ्या शंकेला नाही.

पहिली शंका अशी की कोडीन आणि हेरॉइन यांत फरक कसा करायचा. पट्टीला तो करता येत नाही, परंतु मोठ्या प्रयोगशाळांतील जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या पुष्टी-चाचण्यांना येतो, कारण त्या प्रत्येक रेणू वेगळा मोजतात. कोडीन घेतलेल्याच्या लघवीत कोडीन आणि मॉर्फिन दोन्ही सापडतात. हेरॉइनपासून शरीरात ६-मोनोअॅसिटिलमॉर्फिन नावाचा पदार्थ तयार होतो, जो कोडीनपासून किंवा खसखशीपासून कधीच तयार होत नाही. मात्र तो लघवीत जेमतेम एखादा दिवस टिकतो, म्हणून त्याच्या नसण्यावरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही. ज्या तपासणीवर नोकरी अवलंबून आहे, तिच्यात घरगुती पट्टीसारखी प्राथमिक चाचणी सकारात्मक आल्यावर ही पुष्टी मागणे हा भाच्याचा रास्त आग्रह ठरेल.

गांजाच्या पट्टीबद्दल थोडे सांगतो. मोकळ्या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या धुराने ५० ची पातळी ओलांडली जात नाही, आणि तुमच्या बाबतीत तर ती ओलांडली गेलेलीच नाही. एखाद्या वेळी ओढणाऱ्यात गांजाचा घटक तीन-चार दिवस सापडतो. रोज ओढणाऱ्यात, तो चरबीत साठत असल्यामुळे, कित्येक आठवडे सापडू शकतो. म्हणून नकारात्मक पट्टीवरून भाच्याला रोजची सवय नाही एवढे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. शिमग्याला भांग घेणाऱ्या तरुणांना मात्र मी हे नेहमी सांगतो की भांगेची पाने अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येत बसत नसली, तरी लघवीत उतरणारा घटक तोच असतो आणि पट्टी कायदा वाचत नाही.

दुसरी शंका, म्हणजे 'दुसरे काही घेत नसेल कशावरून', ही कोणत्याही किटने फिटणारी नाही. तुमच्या कार्डावर पाच पदार्थ आहेत. दारू बहुधा त्यांत नाही, नाकाने हुंगायची पातळ द्रव्ये नाहीत. ट्रामाडोल हे अफूच्याच कुळासारखे काम करते, पण मॉर्फिनची पट्टी ते पकडत नाही. फेंटानिलही पकडत नाही. झोपेच्या गोळ्यांची पट्टी असली, तरी क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम तिच्यातून बऱ्याचदा निसटतात, आणि आपल्याकडे गैरवापर होतो तो नेमका अशाच गोळ्यांचा. म्हणजे दर आठवड्याला पाच रेघा मोजून भावाला जी खात्री मिळेल ती खोटी असेल, आणि एखाद्या आठवड्यात ॲसिडिटीच्या किंवा सर्दीच्या गोळीने एक रेघ गेली, तर जो भडका उडेल तोही खोटाच. पट्टीवरून व्यसन कळत नाही. व्यसन कळते ते झोप, पैसा, काम, मित्रमंडळी आणि वागणे यांत झालेल्या बदलांवरून, आणि ते विचारपूस केल्याशिवाय दिसत नाही.

कमावत्या, सज्ञान मुलाची त्याच्या मनाविरुद्ध लघवी तपासण्याला माझा विरोध आहे. या मुलाने किट स्वतः मागवले, औषध सांगितले, आणि मित्राने गांजा ओढला हेही न विचारता सांगितले. माझ्या खोलीत येणारी, लपवणारी मुले असे करत नाहीत. भावाला खरोखरच वागण्यात काही बदल दिसत असतील, तर त्याने ते माझ्यासारख्या कुणापुढे किंवा तालुक्याच्या डॉक्टरांपुढे, मुलाला बरोबर घेऊन मांडावेत; व्यसनासंबंधी केंद्र सरकारची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनीसेवाही आहे.

मुंबईच्या तपासणीपुरते सांगायचे, तर ज्या डॉक्टरांनी औषध दिले त्यांना विचारून कोडीनऐवजी दुसरे औषध घ्यावे, बाटली फेकू नये, चिठ्ठीच्या दोन प्रती काढाव्यात, आणि जाण्यापूर्वी घरी पुन्हा पट्टी लावून पाहण्याचा मोह टाळावा. तिचा निकाल काहीही आला, तरी फॉर्मवर लिहायचे आहे तेच लिहायचे आहे.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रत्नागिरी

डॉक्टरांशी सहमत. फक्त एक भर घालतो: पुष्टी-चाचणी मागताना 'ओपिएट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह' एवढाच अहवाल घेऊ नये. कोडीन, मॉर्फिन आणि ६-मोनोअॅसिटिलमॉर्फिन यांचे आकडे वेगवेगळे छापून मागावेत. औषधाचा शेवटचा डोस जवळचा असेल, तर कोडीनचा आकडा सहसा मॉर्फिनपेक्षा मोठा निघतो. दोन-अडीच दिवस उलटल्यावर कधीकधी मॉर्फिनच जास्त उरलेले दिसते, आणि तेव्हा अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांना शेवटच्या डोसची तारीख आणि वेळ माहीत असणे फार उपयोगी पडते. बाटलीच्या लेबलवरच पेनने ती लिहून ठेवा.